सोमवारचा फ्यूज

सदाशिव पेठ, पुणे
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५
कार्तिक वद्य त्रयोदशी

प्रिय प्रेमला,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आमच्याकडे ठीक म्हणायचं. ह्यांची साखर काबूत आहे, माझी एक दाढ पडली. सलिल आणि सूनबाई खराडीला मजेत. वरदला शाळेत मराठी ऐच्छिक झालं आहे, त्यामुळे आजीशी बोलणंही ऐच्छिक.

तुझं पत्र दिवाळीच्या आधी आलं. चार ओळींचं. मॅट्रिकला निबंधाची पानं पुरायची नाहीत तुला, आणि आता चार ओळी. उत्तराला महिना लावला. कारणं सांगायची तर पुष्कळ आहेत. खरं एकच आहे, ते पुढे येईल.

आधी इथलं सांगते. इमारत पाडून नवी बांधायची म्हणून बिल्डरचा माणूस आला होता. गच्चीवर सभा, सगळ्यांना समोसे. दुसऱ्या मजल्यावरच्या सुशीलाबाईंनी दोन समोसे पदराखाली घरी नेले आणि सही केली नाही. मला त्यांचा राग नाही. सही करणाऱ्यांचाच जास्त आला. खायचं काय आणि विकायचं काय, कशाचीच कुणाला शिसारी राहिलेली नाही. जिन्यात पिचकाऱ्या, नळाला गढूळ पाणी, खाली क्लासच्या पोरांच्या गाड्या. मी नाकाला पदर लावून जाते-येते.

आता नाकाला पदर घरातही लागतो. आठ दिवस घरात जळक्या रबराचा वास भरून राहिला आहे. कापूर जाळला, ऊद घातला. आता कापूर, ऊद आणि रबर असा तिहेरी वास येतो. मी जेवायला बसते आणि उठते. हे म्हणतात, "वासच आहे, जाईल." त्यांना नाक कुठे आहे? मला आहे, आणि त्याचा मला फार गर्व होता.

हा वास कसला ते सांगायचं तर पहिल्यापासून लिहावं लागेल. तुला बरंच ठाऊक आहे, पण ते तुला तुझ्या समर्थने सांगितलेलं, आणि त्याला मी सांगितलेलं. म्हणून पुन्हा लिहिते.

जूनमध्ये तू तुझी नात, नंदिनी, माझ्याकडे ठेवलीस. दिवसा साडीच्या दुकानात नोकरी, संध्याकाळी सरकारी परीक्षेचा क्लास. समर्थ मुलीला पुण्यात ठेवायला तयार नव्हता. तू त्याला म्हणालीस, "सुहासिनीच्या घरात माशीसुद्धा विचारून बसते." ते ऐकून मला मूठभर मांस चढलं होतं. समर्थने तेव्हाच बजावलं होतं, की पुण्याहून एक जरी तक्रार आली तरी नंदिनी घरी येईल आणि मग थेट बोहल्यावर चढेल. हे मला माहीत होतं, प्रेमला. फोन करताना मला हे पुरतं माहीत होतं.

मी तिला मागची खोली दिली. दिवा, पंखा आणि मोबाइल एवढंच लावायचं. किटली, हीटर, शेगडी, इस्त्री काही नाही. आमच्या तारा मामंजींच्या काळातल्या, भिंतीवर लाकडी पट्टीतून नेलेल्या. सलिल दर दिवाळीला सांगतो, "आई, ते फ्यूज काढून टाक, नवे खटके बसव. पडला की वर करायचा, झालं." मी दर दिवाळीला म्हणते, "ज्याला तार बांधता येत नाही त्याने खटके बसवावेत."

मला येते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मामंजींनी मला दोन गोष्टी शिकवल्या, देवाचं सोवळं आणि फ्यूज बांधणं. मेन बंद करायचा, चिनीमातीची पांढरी मूठ ओढून काढायची, जळक्या तारेचे तुकडे झटकायचे, नवी तार या स्क्रूपासून त्या स्क्रूपर्यंत न्यायची. आवळायची, पण ताणायची नाही. ते म्हणायचे, "सूनबाई, ही तार घरातल्या सगळ्या तारांपेक्षा अशक्त पाहिजे. कुठे जास्त वीज ओढली गेली की आधी ही वितळते आणि प्रवाह तुटतो. भिंतीतल्या तारा तापायला वेळच मिळत नाही." प्रत्येक खोलीला फ्यूज वेगळा, म्हणजे एका खोलीचं दुखणं दुसरीला लागत नाही.

मी त्यात माझी अक्कल घातली. मागच्या खोलीला मिळाली तेवढी बारीक तार बांधली, केसासारखी, एकपदरी. दिव्याला, पंख्याला पुरेल. किटली लावली की क्षणात जाईल. तू म्हणशील, पोरीच्या काळजीपोटी. नाही गं. पहारा म्हणून. मी दाराला कान लावून उभी राहिले असते तर ते वाईट दिसलं असतं. तारेचं कुणाला दिसतं?

जुलैच्या शेवटच्या सोमवारी तार गेली. मग पुढच्या सोमवारी, मग त्याच्या पुढच्या. मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर तारखा मांडत होते. २८ जुलै, ४ ऑगस्ट, ११ ऑगस्ट, १८ ऑगस्ट. मग १, ८ आणि १५ सप्टेंबर. सगळे सोमवार, सगळं सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास. सोमवारी दुकान बंद, म्हणजे ती घरात. आणखी पुरावा काय हवा? सोमवारी न्हाते आणि पाणी तापवायला हीटर लावते, हा माझा निकाल तिसऱ्याच सोमवारी लागून गेला होता. पुढचे सोमवार मी नुसती वाट पाहत होते. खरं सांगते, फ्यूज उडाला की मला बरं वाटायचं.

एक गोष्ट समर्थलाही ठाऊक नाही. ती दुकानात गेलेली असताना एका गुरुवारी मी माझ्याकडच्या किल्लीने खोली उघडली. ट्रंक उघडली, पिशव्या उपसल्या. हीटर नाही, किटली नाही. परीक्षेची पुस्तकं, तू दिलेले डिंकाचे लाडू. गादी उचलून पाहिली. खाली दुकानात घालायचे दोन ड्रेस, पाण्याचा हात फिरवून, घड्या घालून, दाबून ठेवलेले. जिच्याकडे इस्त्रीसुद्धा नाही तीच असं करते. हे मला तिथे उभ्या उभ्या सुचलं. आणि मी मनाशी म्हटलं, मला दाखवायला ठेवले असतील. गादी पहिल्यासारखी केली आणि मोरीत जाऊन हात धुतले. विटाळ झाला होता तो माझ्या हातांनी तिच्या वस्तूंना, पण हात मी माझे धुतले.

पंधरा सप्टेंबरला ती दारात आली. मी पूजा आटोपून सोवळ्यातच होते.

"आजी, पंखा बंद पडला."

"पडणारच. काय लावलं होतंस?"

"काही नाही हो. अभ्यासाला बसले होते."

"तू अभ्यासाला बसलीस की फ्यूज उडतो? मग परीक्षेच्या दिवशी अख्खी पेठ अंधारात जाणार म्हणायची."

ती हसली. मला तो उद्धटपणा वाटला. आता वाटतं, पोरीला तो खरंच विनोद वाटला असेल.

"आजी, तुमची शपथ. मी काहीसुद्धा लावत नाही."

"माझी कशाला? स्वतःची घे. मला अजून जगायचं आहे."

मग ती हसली नाही. दुपारी मी समर्थला फोन केला. म्हटलं, "विजेचं मला काही नाही रे. पण पोरगी तोंडावर खोटं बोलते." हेच माझे शब्द. दुसऱ्या दिवशी तो जीप घेऊन हजर. तिने वळकटी बांधली, खोली झाडून काढली, केर सुपलीत भरला आणि मला नमस्काराला वाकली. मी पाय मागे घेतले. म्हटलं, सोवळ्यात आहे.

जीप गेल्यावर ह्यांनी एवढंच विचारलं, "गणपतीच्या आधीच्या सोमवारी तू खराडीला सलिलकडे होतीस. ती तर इथेच होती. तेव्हा कसा नाही उडाला?"

मी म्हटलं, "तुम्ही पेपर वाचा."

प्रेमला, तुझ्या पत्रात एकच प्रश्न होता. "नंदिनी म्हणते, मी काही लावलं नाही. तू म्हणतेस, लावलं. तू डोळ्यांनी पाहिलंस का?"

त्याचं उत्तर तुझं पत्र येण्याच्या आधीपासून माझ्याकडे होतं. ती गेली त्याच्या पुढचा सोमवार म्हणजे बावीस सप्टेंबर, घटस्थापना. सकाळी अभिषेक झाला, घट बसले. दिवेलागणीला मी गॅलरीतलं बटण दाबलं, तर दिवा लागला नाही. गॅलरीतल्या दिव्याचा आणि मागच्या खोलीचा फ्यूज एकच आहे. मूठ ओढून पाहिली. तार गेलेली. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. आत कोणी नाही, काही लावलेलं नाही.

आणि मग काय केलं? त्याच वेळी फोन उचलला असता तर पोरगी आठ दिवसांत परत आली असती. मी फोन उचलला नाही. वहीत तारीखही मांडली नाही. घरातली जाड तार घेतली, चौपदरी केली आणि बांधली. म्हणजे आता उडणारच नाही. उडाला नाही म्हणजे ह्यांना कळणार नाही, आणि मलाही पुन्हा बघावं लागणार नाही. नऊ दिवस त्या घटांपुढे बसले. सवाष्णी जेवायला घातल्या. प्रत्येक जण म्हणाली, काय प्रसन्न वाटतं हो तुमच्याकडे.

मग तुझं पत्र आलं. ते मी देवघरातल्या फडताळात ठेवलं, तिथे दुसरं कुणी हात लावत नाही.

गेल्या सोमवारच्या आदल्या सोमवारी, दहा तारखेला, अभिषेक संपता संपता वास आला. मला वाटलं निरांजनातली वात कुजकी आहे. तेवढ्यात हे ओरडले. मागच्या खोलीच्या दाराखालून धूर. फ्यूज शाबूत! मी बांधलेला ना, मजबूत. शेवटी ह्यांनी धावत जाऊन मेन पाडला. आणखी पाच-दहा मिनिटं गेली असती तर लाकडी कपाट पेटलं असतं. आणि त्या कपाटाला पाठ लावून नंदिनीची कॉट होती. ती तिथे असती तर, हे वाक्य मी गेल्या आठ दिवसांत पुरं करू शकलेले नाही.

गेनबा म्हणून वायरमन आहेत, वीज खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी कपाट ओढलं. प्रेमला, मी शेणाने सारवलेल्या घरात वाढले, मला घाणीचं भय नाही. पण ती भिंत बघून मला ओकारी आली. लाकडी पट्टी जळून कोळसा झालेली, रबर वितळून ओघळलेलं, आणि आजूबाजूची भिंत ओलीगच्च. तिच्यावर हिरवी-पांढरी बुरशी, बुरशीत किडे. गेनबांनी भिंतीवर थाप मारून विचारलं, "पलीकडं काय हाय?"

पलीकडे देवघर आहे. देवघराच्या कट्ट्याला एक भोक आहे, अभिषेकाचं पाणी त्यातून बाहेर तुळशीत जायचं. मी दर सोमवारी अभिषेकपात्र टांगून दोन तास धार धरते. सोवळ्याचं म्हणून तिथे मी कुणाला हात घालू दिला नाही, आणि स्वतः कधी वाकून पाहिलं नाही. गेनबांनी तार घातली तर आतून बोटभर काळा गाळ निघाला. श्रावणापासूनचा बेल, अक्षता, फुलं, सगळं कुजून चिखल झालेलं. पाणी तुळशीत जातच नव्हतं, भिंतीत मुरत होतं. ज्याला तीर्थ म्हणून मी डोळ्यांना लावत होते, तेच. सोमवारी सकाळी भिंत भिजायची, जुनं रबर तडकलेलं, दोन तारांमधल्या ओलीतून वीज आपली वाट काढायची आणि माझी केसासारखी तार वितळायची. दुपारपर्यंत थोडं वाळलं की पुन्हा सगळं सुरळीत. गणपतीच्या आधीच्या सोमवारी मी खराडीला. अभिषेक नाही, ओल नाही, फ्यूज जागेवर.

गेनबा मूठ हातात घेऊन म्हणाले, "बाई, ह्यो आधी चार-सहा येळा तरी उडला असंल की?"

मी म्हटलं, "नाही. एकदाही नाही."

देवासमोर, ओल्या सोवळ्यात, माझ्या तोंडातून हे इतकं सहज निघालं की मीच माझ्याकडे बघत राहिले.

"आन् ही चौपदरी तार कुणी बांधली?"

"मी," हे म्हणाले. पन्नास वर्षांत ह्यांनी फ्यूजला हात लावलेला नाही.

गेनबांनी ह्यांच्या हातांकडे पाहिलं. "सायेब, तुमी ब्यांकेत हुता न्हवं?"

"हो."

"मंग पुन्यांदा बांधू नका. फ्यूज म्हंजी मुद्दाम ठिवल्याली कच्ची जागा. ती जळती म्हून बाकीचं ऱ्हातं. तुमी तीच पक्की केली. मंग जळायला भितीतली तारच ऱ्हायली की."

ते गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "तुम्ही का अंगावर घेतलंत?"

म्हणाले, "या घरात खोटं बोलणाऱ्याला काढून देतात. म्हटलं, जायचंच तर दोघं जाऊ."

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर सोसलं असतं. ते नेहमीच्या आवाजात म्हणाले आणि चहाचं विचारलं.

मला कुणाची किळस येते ते आता तू ओळखलं असशील. समोसेवाल्या बिल्डरवर, पिचकाऱ्या मारणाऱ्यांवर मी पानभर लिहिलं, ते इथवर यायचं टाळण्यासाठी.

शुक्रवारी मी समर्थला फोन केला. वाटलं होतं, सांगितलं की संपलं. सगळं सांगितलं, सोमवार, अभिषेक, भिंत, चौपदरी तार. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "काकू, राहू द्या. पोरीसाठी तुम्ही स्वतःवर घेताय, मला कळतं हाय."

"अरे, मी खरं सांगते आहे."

"तुमचं मन मोठं हाय, काकू. पण पुढच्या रविवारी, तेवीस तारखेला, पाहुणे येणार हायत बघायला. मुलगा चांगला हाय. आता कशाला?"

मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा म्हणाला, मन मोठं हाय. मी खोटं सांगितलं तेव्हा त्याने एक प्रश्न विचारला नाही, दुसऱ्या दिवशी जीप आणली. खरं सांगितलं तर माझा मोठेपणा! प्रेमला, आयुष्यात इतकी ओंगळ स्तुती मी ऐकली नव्हती. तुझा मुलगा आहे म्हणून जपून लिहिते, पण लिहिते. त्याला पोरीला परत न्यायचंच होतं आणि त्याला माझ्यासारख्या बाईचा एक शब्द हवा होता. तो मी पुरवला. आता परत मागितला तर तो देत नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर देते. नाही. मी डोळ्यांनी काही पाहिलं नाही. जे पाहिलं ते सगळं तिच्या बाजूचं होतं, आणि मी ते गादीखाली पुन्हा ठेवून दिलं.

तिची परीक्षा चौदा डिसेंबरला आहे, तिच्या पुस्तकावर तारीख लिहिलेली मी पाहिली होती. येत्या रविवारी मी स्वारगेटहून पहिल्या गाडीने सासवडला येते. पाहुणे यायच्या आधी समर्थसमोर बसून हे सगळं पुन्हा बोलेन. त्याने मोठेपणा काढला तर पाहुण्यांसमोर बोलेन. पण त्याआधी तू नंदिनीला एकटीला विचार. तिला हा मुलगा हवा असेल तर मी ब्र काढणार नाही, तिची क्षमा मागून उलट्या पावली परत येईन. तिला परीक्षा द्यायची असेल तर माझ्याकडे राहा, असं मी म्हणणार नाही. कोणत्या तोंडाने म्हणू? ह्यांनी मुलींच्या एका वसतिगृहात जाऊन चौकशी केली आहे. जागा आहे. ओळखीच्या माणसाचं पत्र लागतं, ते हे देतील. माझं नको.

हे पत्र समर्थला तू वाचून दाखव, तिला वाचायला लावू नकोस. स्वतःची बाजू तिने एकदा मांडली आहे, माझ्या दारात उभी राहून. पुन्हा मांडायची वेळ तिच्यावर येऊ नये. आणि मी आल्यावर आधी चहा-पाणी पुढे करू नकोस. ते घेतलं की बोलणं मऊ होतं.

शेवटी एवढं, आणि त्याखाली सही. मैत्रिणीच्या पत्राखाली पूर्ण नाव लिहीत नाहीत, पण हे उद्या कुणालाही दाखवता यावं म्हणून लिहिते.

राजनंदिनी समर्थ कामथे ही जून ते सप्टेंबर माझ्या घरी राहिली. या काळात ती माझ्याशी एकदाही खोटं बोलली नाही. मी बोलले, तिच्या वडिलांशी, गेनबांशी आणि गप्प राहून तुझ्याशी.

सुहासिनी दिगंबर लवाटे